दोन भावांचे दोन भोंगे

माझा नवरा मोगोमोत्सी दर निवडणुकीला उभा राहायचा आणि दर निवडणुकीला पडायचा. पडला की पुढचे कितीतरी दिवस अंगणातल्या मरुलाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा आणि येईल जाईल त्याला सांगायचा, "रेडिओ त्यांचा, गाड्या त्यांच्या, पाण्याचा टँकर त्यांचा. आम्ही काय हवेवर लढायचं?" खोटं नव्हतं ते. जुना पक्ष स्वातंत्र्यापासून खुर्चीला चिकटून बसलाय, त्याच्याकडे काय नाही? पण आमच्या मोकगालो गावात आणखी एक कारण होतं, आणि ते ह्यांच्या तोंडून कधी बाहेर पडायचं नाही. ते कारण म्हणजे ह्यांचा सख्खा धाकटा भाऊ, ओलेबिले.

तोही उभा राहायचा. तोही विरोधातलाच! ह्यांचा जनजागृती पक्ष, तर त्याचा खरा जनजागृती पक्ष. दोघांच्या मतांची बेरीज केली तर जुन्या पक्षाचा सेबेगो चारी मुंड्या चीत. पण बेरीज करतंय कोण? मतं दोघांत वाटली जायची आणि सेबेगो मिशीतल्या मिशीत हसत पुन्हा कौन्सिलर व्हायचा.

फूट कशावरून पडली ते ऐकाल तर कपाळाला हात लावाल. तेव्हा पक्ष एकच होता. मतदानाच्या आदल्या शनिवारी मैदानावर मोठी सभा ठेवली होती. आमच्याकडे रीत अशी, की सभेत मानाचा माणूस शेवटी बोलतो. हे म्हणाले, मी थोरला, मी शेवटी बोलणार. ओलेबिले म्हणाला, मी पक्षाचा सचिव, शेवटचं भाषण माझं. झालं! हे माईक त्याच्या हातात देतायत, "तू बोल आधी." तो परत ह्यांच्या हातात देतोय, "छे छे, आधी तुम्ही." लोकांना वाटलं, काय भावाभावांचं प्रेम आहे! ऊन कललं, लोकांना गुरं बांधायची होती, पोरांना जेवायला घालायचं होतं. एकेक करून सगळे उठून गेले. त्या दिवशी कुणीच बोललं नाही, आणि पुढं दोघंही एकमेकांशी बोलले नाहीत.

मग पक्ष फुटला, भोंगेसुद्धा वाटून घेतले. दर शनिवारी मैदानाच्या ह्या टोकाला ह्यांचा भोंगा, त्या टोकाला त्याचा. जुन्या पक्षाला शिव्या कमी आणि एकमेकांनाच जास्त. ओलेबिलेचं एक वाक्य तर गावातल्या पोराबाळांना पाठ होतं, "माझ्या भावाला स्वतःच्या घराची मागची भिंत पुरी करता आली नाही, तो तुमचा रस्ता काय पुरा करणार?" लोक पोट धरून हसायचे. मी मैदानाच्या कडेला विकायला मग्विन्या, म्हणजे मैद्याचे फुगीर वडे, तळत असायचे. खरं सांगते, असा राग यायचा, की कढईतला झारा घेऊन दोघांच्या पाठीत घालावा.

आणि त्याच वेळी सेबेगो कुठं असायचा? मयतीला. शनिवार म्हणजे आमच्याकडे मयतीचा दिवस. पहाटे दफन, मग सगळ्या गावाला जेवण. सेबेगो कोट काढून, बाह्या सारून खड्ड्यात माती लोटायचा. कुणाची म्हातारी गेली, कुणाचं पोर गेलं, हा माणूस हजर. आमचे दोघे त्या वेळी भोंग्याला बॅटरी जोडत असायचे. मग लोकांनी मत कुणाला द्यावं, सांगा बरं!

असू दे. जळलं मेलं ते राजकारण. माझा जीव त्यात अडकला नव्हता. माझा जीव अडकला होता माझ्या तेबात्सोत.

तेबात्सो माझी थोरली, मौन शहरातल्या शाळेत शिकवते. तिच्यावरूनच गाव मला म्मा तेबात्सो, म्हणजे तेबात्सोची आई म्हणतं. तिशी उलटली तरी लग्न नाही, म्हणून बायका मला बसथांब्यावर टोचून बोलायच्या, "काय हो म्मा तेबात्सो, पोरीला राजकन्येसारखी ठेवलीय का?" शेवटी तिनं स्वतःच एक मुलगा पसंत केला. मोथुसी, गाड्या दुरुस्त करतो, शांत, दारू पीत नाही. मी देवाचे आभार मानले. मग कळलं, की मुलाचा मामा कोण, तर कौन्सिलर सेबेगो! मागणी घालायला मामाच येणार. हे ऐकून ह्यांचा चहा कपातच राहिला.

"सेबेगो? माझ्या अंगणात?"

"तुमच्या अंगणात नाही येत, माझ्या पोरीसाठी येतोय," मी म्हटलं. "तोंड बंद ठेवा."

तसं तोंड बंद ठेवणं ह्यांना भागच होतं. मागणी घालायला पाहुणे येतात तेव्हा मुलीचा बाप त्यांच्याशी बोलत नाही. त्याच्या वतीनं बोलतो त्याचा भाऊ. पाहुणे विचारणार भावाला, उत्तर देणार भाऊ, आणि 'पोर दिली' हा शब्दही निघायचा तो भावाच्याच तोंडून. बाप कोट घालून नुसता बसून राहतो. भाऊ मेलेला असेल तर गोष्ट वेगळी, मग चुलत भाऊ बोलतो. पण सख्खा जिवंत असताना चुलत भावाला उभं करायचं म्हणजे जिवंत माणसाला मेला म्हणण्यासारखं. असलं कुणी करत नाही.

मागच्या हिवाळ्यात पाहुणे आले, बसले, वाट पाहिली. ओलेबिले आला नाही. पाहुणे तसेच उठून गेले. जाताना मुलाची आई म्हणाली, "एकदा परत चाललोय. पुन्हा एकदा येऊ. तेव्हाही परत पाठवलंत, तर समजू की पोर द्यायची नाही."

त्या दिवशी तेबात्सो न्हाणीघरात जाऊन रडली. बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, "आई, घरात एवढं बोलणारी दोन माणसं, आणि माझ्यासाठी बोलायला एक नाही?" मला तर वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

मग मी पदरमोड करून, म्हणजे दिवसभराच्या विक्रीतल्या मग्विन्या पाटीत भरून, दिराच्या घरी गेले. जाऊबाईनं चहा ठेवला. ओलेबिले अदबीनं उठून उभा राहिला.

"वहिनी, तुमच्याशी माझं काही वाकडं नाही. पण दादानं स्वतः येऊन सांगावं."

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणतात, "मी थोरला. मी कशाला जाऊ?"

"थोरले तुम्ही आणि धाकटा तो! आणि मधल्यामधे माझी पोर म्हातारी होतेय, ते दिसतंय का कुणाला?" मी एवढ्या जोरात ओरडले, की शेजारची शेळी दावं तोडून पळाली. पण हे हलले नाहीत. हट्टीपणात दोघेही आपल्या आईवर गेलेत.

पाहुणे पुन्हा यायचे दिवस जवळ आले, आणि निवडणूकही. एके सकाळी सेबेगो माझ्या कढईपाशी गाडी थांबवून उतरला.

"चार द्या, म्मा तेबात्सो. आणि जरा बाजूला या."

"इथंच बोला. तुमचं नि माझं लपवण्यासारखं काही नाही."

त्यानं गरम मग्विनी एका हातातून दुसऱ्या हातात खेळवली. "बहीण माझं डोकं खातेय. म्हणते, त्या दोघांचं भांडण तुला हवंच आहे, म्हणून तू हाताची घडी घालून बसलायस. तुझ्या खुर्चीपायी माझ्या पोराचं लग्न अडलंय."

"मग खोटं बोलते का ती?"

तो हसला. निदान लाज तरी होती त्याला. "नाही. अहो, तुमच्या घरचं भांडण म्हणजे माझी पेन्शन. ते मीच जाऊन मिटवू? माझ्या पक्षाची माणसं मला वेड्यात काढतील."

"मग नका मिटवू," मी म्हटलं. "माझी पोर बसेल तशीच. तुमचा भाचाही बसेल. तुम्ही बसा खुर्चीवर. सगळेच बसू."

त्याचं हसू मावळलं. खाणं हातातच राहिलं. "बाप गेल्यावर तो पोरगा माझ्या खांद्यावर वाढलाय हो," असं काहीतरी पुटपुटला आणि गाडीत जाऊन बसला. चार मग्विन्यांतल्या तीन तिथंच विसरून गेला.

पुढचं मला जाऊबाईनं सांगितलं. सेबेगो सरळ त्यांच्या दारात गेला. टोपी काढली. खुर्ची दिली तर घेतली नाही, जमिनीवर बसला.

ओलेबिलेनं विचारलं, "कौन्सिलर, तुम्ही? रस्ता चुकलात का?"

"कौन्सिलर गाडीत बसलाय," सेबेगो म्हणाला. "हा मोथुसीचा मामा आलाय."

"आम्ही दोघं भाऊ एका चटईवर बसलो तर तुमचं काय होईल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. मी मूर्ख दिसतो का? तरी तू ये."

ओलेबिलेनं त्या दिवशी नाही म्हटलं. सेबेगो पुन्हा गेला, पुन्हा जमिनीवर बसला. मग आणखी एकदा. जाऊबाई म्हणाली, शेवटी मलाच लाज वाटायला लागली, एवढ्या मोठ्या माणसाची विजार आमच्या धुळीत मळतेय. तेव्हा कुठं ओलेबिले म्हणाला, "येईन. पण पोरीसाठी येईन. दादाबद्दल एक शब्द बोलणार नाही, चांगला नाही की वाईट नाही."

हे ऐकून मी जाऊबाईच्या गळ्यात पडले. म्हटलं, बाई गं, न बोलला तरी चालेल, नुसता आला तरी मी त्याचे पाय धुवीन.

आणि आला तो! झुंजूमुंजू होत होतं. पाहुण्यांकडचे पुरुष कोट घालून खुर्च्यांवर, बायका घोंगड्यांसारख्या जाड शाली पांघरून जमिनीवर. आमच्याकडचेही तसेच. ओलेबिलेनं फाटकातून आत येताना ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसला, पण अंग असं आखडून, की मध्ये जणू काटेरी कुंपण आहे. मी शालीतून दोन्ही हात घट्ट धरून बसले होते.

सेबेगो रीतीप्रमाणे बोलला, "आम्ही तहानलेली माणसं. तुमच्या घरी पाणी प्यायचा भोपळा आहे असं कळलं. तो मागायला आलोय."

"भोपळा आहे," ओलेबिले म्हणाला. "चांगला आहे. गळका नाही. शिकलेला आहे." बायका हसल्या. पोरीबद्दल तो छान बोलला, लहानपणी ती त्याच्या चष्म्याला काजळ फासायची तेही सांगितलं. मग सेबेगोनं रीतीचा पुढचा प्रश्न विचारला, "आणि हा भोपळा ज्या घरात वाढला, ते घर कसं आहे?"

ह्या प्रश्नाला भावानं उत्तर द्यायचं असतं. घराबद्दल, म्हणजेच बापाबद्दल. ओलेबिले गप्प. कोंबडा आरवला. कुणीतरी खोकलं. ओलेबिले बुटांकडे बघत राहिला.

आता सेबेगोनं थोडं थांबायचं की नाही? पण वर्षानुवर्षं टोमणे मारून जिभेला सवय लागलेली. तो म्हणाला, "आमच्या कानावर तर आलंय, की या घरच्या माणसाला मागची भिंतसुद्धा पुरी करता आली नाही."

मेल्या, जीभ झडो तुझी! मी मनात म्हटलं. मुलाच्या आईनं मागून त्याच्या पाठीत बोट खुपसलं ते मला दिसलं. पण बोलून झालं होतं.

ओलेबिलेनं मान वर केली. "कोण म्हणालं?"

"तूच म्हणालास. भोंग्यावर."

"मी म्हणेन!" ओलेबिले खुर्चीतून उठलाच. "मी भाऊ आहे त्याचा, मी काय वाटेल ते म्हणेन. तुम्ही कोण म्हणणारे? त्या भिंतीचं ऐकायचंय ना? ऐका. विटा आणलेल्या होत्या. तेव्हा माझं लग्न ठरलं आणि मला खोली नव्हती. ह्या माणसानं त्या विटा बैलगाडीत घालून माझ्या दारात ओतल्या. आजही मी त्याच भिंतींच्या आत झोपतो. आमचा बाप खाणीवर गेला तो परत आला नाही. तेव्हा शाळा दादानं सोडली, मी नाही. तो रानात लोकांची गुरं राखत राहिला आणि मी पुस्तकं वाचली. हिवाळ्यात घरात कोट एकच होता, तो मी घालून शाळेत जायचो. हा गुरांना बिलगून झोपायचा. मला वाचता येत होतं म्हणून पक्षानं सचिव केलं. आणि वाचता कुणामुळं येत होतं?" त्यानं घराकडे बोट दाखवलं. "घर कसं आहे विचारता? असं आहे घर. पोर न्यायची तर अशा घरातून न्या. नाहीतर दुसरीकडे पाणी प्या."

आमच्या ह्यांना तर बोलायची बंदी. तोंड उघडं, डोळे जमिनीला लावलेले, आणि पाणी घळाघळा कोटावर पडतंय. पुसायचंही भान नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सेबेगोनं टोपी काढून छातीशी धरली. "अशाच घरातून न्यायची आहे," तो हळूच म्हणाला. मग ओलेबिलेनं शब्द दिला आणि बायकांनी जिभा वळवून असा जयघोष केला, की गल्लीतली सगळी कुत्री भुंकायला लागली.

पण भाऊ भाऊ एकमेकांशी त्या दिवशीही बोलले नाहीत बरं का. ओलेबिले जेवला आणि निघून गेला. मला वाटलं, चला, पोरीचं झालं, एवढंही खूप.

पुढच्या शनिवारी दोघांच्या सभा होत्याच. ओलेबिले उमेदवारी जाहीर करणार म्हणून त्याच्या टोकाला गर्दी जास्त. मी तिकडेच कढई मांडली. सेबेगोची गाडी सावलीला उभी होती. त्याला त्या दिवशी मयत नव्हती, म्हणून ऐकायला आला होता. मैदानाच्या त्या टोकाला आमच्या ह्यांचा भोंगा आधीच सुरू झालेला.

ओलेबिले टेम्पोच्या हौद्यात उभा राहिला. "मोकगालोच्या लोकांनो," म्हणाला आणि थांबला. भोंगा कुई कुई करत राहिला.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "भिंतीचं सांगा, भिंतीचं!"

लोक आधीच हसायला लागले. ओलेबिले हसला नाही. "भिंतीचं काय सांगू? विटा माझ्याच घरात आहेत."

लोकांना वाटलं, विनोद आहे.

"ऐका," तो म्हणाला. "मी पाहुण्यांसमोर माझ्या भावाच्या घराची हमी दिलीय. आता इथं उभा राहून तुम्हाला म्हटलं की तो माणूस कुचकामी आहे, तर माझी हमी खोटी. मग पोरीचं लग्नही खोट्यावर उभं राहिलं. घसा साफ करून आलो होतो, पण माझ्याकडे आता बोलायला काही उरलं नाही. मी अर्ज भरत नाही. तुम्ही दादाला मत द्या. त्याचं काही चुकलं तर मी त्याच्या घरी जाऊन भांडेन. भोंग्याशिवाय."

तिकडे ह्यांचा भोंगा वाक्याच्या मध्येच बंद पडला. मी वळून पाहिलं. हे मैदान ओलांडून येत होते, ताठ मानेनं. टेम्पोपाशी येऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांनी भावाला काय बोलणार, म्हणून सगळी गर्दी कान टवकारून.

"चहा घेतलास का?" ह्यांनी विचारलं.

"नाही अजून, दादा."

"मग उतर खाली."

बस्स, एवढंच. मला हसू आणि रडू एकदमच आलं, कढईतल्या मग्विन्या करपून काळ्या झाल्या.

सेबेगो गाडीतून उतरून माझ्या शेजारी उभा राहिला. "गेली हो माझी खुर्ची," तो म्हणाला.

"अजून मतदान व्हायचंय."

"विहीणबाई, मला बेरीज येते." त्यानं करपलेली मग्विनी उचलून तोंडात टाकली. "आणि खुर्ची घालवली कुणी? मीच. तीनतीनदा धुळीत बसून." मग तो जो हसत सुटला, तो पोट धरून मडगार्डवरच बसला. त्याचं ते हसू मला फार आवडलं. ओझं उतरवलेल्या हमालासारखा दिसत होता.

ऑक्टोबरात तो खरंच पडला आणि आमचे हे निवडून आले. गाव नाचलं. मी पण नाचले, नाही कशाला म्हणू? पण माझा खरा दिवस तो नव्हता. माझा दिवस उजाडला तो दोन आठवड्यांनी, मुलीसाठी रीतीनं द्यायची मुलाकडची गुरं आमच्याकडे आली तेव्हा. ती आली की लग्न पक्कं. सूर्य उगवायच्या आत धुळीचा लोट दिसला, मग हंबरणं ऐकू आलं. गुरांच्या मागे काठी घेऊन सेबेगो स्वतः चालत येत होता, घामाघूम, टोपी मागे सरकलेली. गोठ्याच्या दाराचे आडवे ओंडके ओढून काढायला दोन्ही भाऊ उभे. एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला.

एक तांबडी कालवड दाराशीच अडून बसली. आत जाईना, बाहेर जाईना. दोघं भाऊ एकदमच ओरडले, "हो, हो, चल!" आणि ती बिचारी दचकून सरळ आत पळाली. ओलेबिलेनं गुरांवरून नजर फिरवली, सेबेगोच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "गुरं पोहोचली. आमची तेबात्सो आता तुमची."

तेबात्सो दारात उभी होती, माझ्याच जुन्या शालीत. मी तिच्याकडे पाहिलं, आणि जमिनीवर पाय पसरून बसले. म्हटलं, हुश्श! आणि मग गळा काढून रडले. का रडतेस म्हणून कुणी विचारलं नाही.